घुमट वाजवणाऱ्यानं ‘पॅरानॉइड’ कसं ऐकावं?

२०२५ च्या जुलैत ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल मेळाचा गायक ओझी ऑस्बर्न गेला, तेव्हापासून या सदराच्या टपालात त्या मेळाचं नाव येतंय. माझ्या कपाटात भजनांच्या कॅसेटींशेजारी त्यांच्या ‘पॅरानॉइड’ या अल्बमची कॅसेट असते, असं मी मागे एकदा इथं लिहिलं होतं. वाचकांनी ते लक्षात ठेवलेलं दिसतं. आलेल्या पत्रांतली चार या एकाच अल्बमबद्दल आहेत, म्हणून या वेळची पानं त्यालाच देते.

ताई, मी गोव्यातल्या साखळीचा, वय ५८. गणेशचवथीला वाड्यावरच्या आरत्यांत गेली तीस वर्षं शामेळ हे तालवाद्य वाजवतो, कधी चामड्याचं तोंड असलेलं मातीचं घुमटही. पर्वरीला नोकरी करणाऱ्या भाच्यानं मोबाइलवर हा अल्बम ऐकवला आणि म्हणाला, “मामा, तू तालातला माणूस, तुला कळेल.” मला गोंगाटच ऐकू आला. सूर कुठं, सम कुठं, काही सापडेना. पण पहिल्याच गाण्यात एके ठिकाणी सगळं थांबतं, नुसती झांज टिकटिकते आणि तो माणूस गातो. तिथं माझा पाय हलायला लागला. आता हे नीट ऐकायचंय. कुठून धरू?

मीही मामाच म्हणते.

जिथं पाय हलला तिथूनच धरा. ते गाणं ‘वॉर पिग्ज’, जवळजवळ आठ मिनिटांचं. सुरुवातीला सगळी वाद्यं तीन-तीन मात्रांच्या झोक्यात संथ चालतात आणि मागून हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. मग झोका थांबतो. ड्रमवाला नुसती झांजांची जोडी वाजवत राहतो. हिला हाय-हॅट म्हणतात, ती पायाच्या पट्टीनं उघडते-मिटते. गिटार आणि बास दोन ठोके देतात आणि गप्प होतात. त्या मोकळ्या जागेत ओझी एक ओळ गातो. पुन्हा दोन ठोके, पुन्हा ओळ. तुम्ही ती टिकटिक चार-चार मात्रांत मोजा आणि ठोके पडतील तिथं हात द्या. दोन-तीनदा चुकाल, मग ठोका यायच्या आधीच तुमचा हात आपोआप वर जाईल. तीस वर्षं आरतीत सगळ्यांबरोबर एकाच क्षणी थांबलेल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. या अल्बमचा जडपणा मला आवाजाच्या मोठेपणात कधीच सापडला नाही. तो अशा थांबण्यांत आहे.

आता तुम्हाला गोंगाट का वाटला ते सांगते. एक तर मोबाइल. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरातून तो निघतच नाही. म्हणजे तुम्ही घुमट वजा करून आरती ऐकलीत, फक्त कांसाळें, म्हणजे झांजा, आणि ओरडा. घुमटाच्या चामड्यावर थाप पडते, पण मागचं उघडं तोंड डाव्या तळहातानं किती झाकायचं यावर घुमारा ठरतो, हे मी तुम्हाला काय सांगणार. गीझर बटलरच्या बासचं काम त्या डाव्या तळहाताचं आहे. तो ऐकू आला की गिटारच्या खाली जमीन येते.

दुसरं, तुम्ही सूर गायकाच्या गळ्यात शोधलात. इथं तो रिफमध्ये असतो. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी थोडक्या स्वरांची ओळ. तबल्याचं स्वतंत्र वादन ऐकताना पेटीवाल्याकडे लक्ष गेलं असेल तर तो काय करतो ते आठवा. तो लेहरा धरून बसतो आणि तबलजी त्याच्या भोवती सगळं बांधतो. मी अशा बैठकांत तासतासभर लेहरा धरलाय. लोकांना वाटतं, ही बाई एकच ओळ वाजवतेय. पण ती ओळ कंटाळा न येता, वजन न बदलता वाजवत राहणं हीच परीक्षा असते. रिफला लेहरा समजा, अर्धं काम झालं.

‘आयर्न मॅन’ मी पेटीवर काढून पाहिलं. षड्ज पांढरी सातचा धरला तर रिफ अशी येते: सा, ग ग म म, ध प ध प ध प, ग ग म म. गंधार आणि धैवत कोमल. ओझी शब्द गातो तेही याच स्वरांवर. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो. इथं गायक गिटारच्या मागोमाग जातो, आणि गाण्याचा नायक पोलादाचा झालेला माणूस असल्यामुळे ते चालून जातं. तो माणूस भविष्यात जाऊन जगाचा शेवट बघून येतो, परतीच्या वाटेवर चुंबकीय क्षेत्रात सापडून लोखंडाचा होतो, त्याला बोलता येत नाही आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. आणखी एक गोष्ट ऐका. गिटारवाला टोनी आयोमी प्रत्येक स्वराबरोबर त्याचा पंचम वाजवतो, मधला गंधार गाळतो. तंबोऱ्यातला पंचम आणि षड्ज आठवा, तीच सोबत. गिटारचा आवाज अँप्लिफायरमधून इतका खरखरीत करून काढलेला असतो की त्यात गंधार घातला तर गिचमीड होते. षड्ज-पंचम मात्र भरीव राहतात.

हे गाणं ड्रमवरच्या पायाच्या ठोक्यांनी सुरू होतं. धप, धप, धप, आणि मग गिटारचा एक खालचा स्वर वाकत जातो. १९८७ साली मी अठरा वर्षांची होते तेव्हा हे पहिल्यांदा ऐकलं. शेजारचे तारवटी अंकल बोटीवरून सुटीवर आले की कॅसेटी आणायचे, त्यांच्या मुलीनं ही मला दिली. आमचं घर झुआरी नदीच्या काठी, बार्जदुरुस्तीच्या आवाराला लागून. बाबा तिथं फिटर होते. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या तळाचे गंजलेले पत्रे कापून नवे बसवायचं काम. सकाळपासून घण चालायचा, आणि बार्ज रिकामी असली की प्रत्येक ठोक्यानंतर तिचा अख्खा सांगाडा घुमत राहायचा. मी त्या घुमण्यावर पलटे घोकलेत. कॅसेट लावली तेव्हा बाबा जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “हो घण कोणाचो गे?”

मला त्यांना उत्तर देता आलं नाही. पुढं वाचनात आलं की हे चौघे बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले, कारखान्यांच्या गावातले. १९४८-४९ चे जन्म, महायुद्धात बाँब पडून रिकाम्या झालेल्या जागांवर खेळत वाढलेले. ओझीनं मोटारींचे हॉर्न लावायच्या कारखान्यात काम केलं होतं, कत्तलखान्यातही. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. बाबांच्या कानाला ओळख पटली ती उगीच नाही, असं मला आजही वाटतं.

मामा, तुमच्यासाठी शेवटचं: ड्रमवाल्या बिल वॉर्डकडे वेगळं लक्ष द्या. तो जॅझ ऐकून वाढला. ठोका जड असला तरी हात मोकळा आहे, मधल्या जागा तो भरतो तेव्हा तुम्हाला आपला माणूस वाटेल. ‘रॅट सॅलड’ हा अडीच मिनिटांचा, बिनगाण्याचा तुकडा त्याच्यासाठीच आहे. रचना म्हणून तो मला या आठांतला सर्वांत साधा वाटतो, पण तुम्ही शामेळ घेऊन त्याच्याबरोबर वाजवून बघा. भाच्यालाही बोलवा.

मी म्हापशाहून लिहितेय. मुलगा अकरावीत आहे. हीच गाणी लावतो, भिंतीवर तलवार घेतलेल्या माणसाचं चित्र लावलंय. घरातली मोठी माणसं म्हणतात ही सैतानाची गाणी. मला गाण्यातलं इंग्रजी कळत नाही. यात नेमकं आहे काय?

तुमच्या जागी मलाही हेच विचारावंसं वाटलं असतं, म्हणून सरळ सांगते.

‘वॉर पिग्ज’ हे युद्धाविरुद्धचं गाणं आहे. तो व्हिएतनाम युद्धाचा काळ. सेनापती आणि राजकारणी गरिबांच्या पोरांना मरायला पाठवतात आणि स्वतः लपतात, असं ते म्हणतं. सैतान त्यात येतो तो अगदी शेवटी. न्यायाच्या दिवशी हे युद्धखोर गुडघ्यांवर येऊन दयेची भीक मागतात, तेव्हा तो हसतो. पूजा कुणी कुणाची करत नाही. ‘इलेक्ट्रिक फ्यूनरल’ अणुयुद्धानंतरच्या जगाचं वर्णन आहे. ‘हँड ऑफ डूम’ युद्धावरून हेरॉइनचं व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकांबद्दल आहे आणि त्यात सुईचं कौतुक नाही, शरीर कसं संपत जातं ते आहे. आपल्या किनारपट्टीवर राहणाऱ्या आईनं ते गाणं मुलाबरोबर बसून ऐकावं, इतकं ते स्पष्ट आहे. ‘प्लॅनेट कॅरॅव्हान’ तर अंतराळातून तरंगत जाणारं हळुवार गाणं. ओझीचा आवाज त्यात फिरत्या स्पीकरमधून काढलाय, म्हणून पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. ‘फेअरीज वेअर बूट्स’ शब्दांसाठी ऐकू नका, गिटारसाठी ऐका.

बहुतेक शब्द लिहिणारा बटलर आयरिश कॅथलिक घरात वाढलेला. पाप, न्यायाचा दिवस, नरक ही त्याची लहानपणची भाषा होती. मेळाचं नाव त्यांनी १९६३ च्या एका भयपटावरून घेतलं. लोक पैसे देऊन घाबरायला जातात, मग गाण्यानं का घाबरवू नये, असा तो विचार होता. त्यांच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम असे तीनच स्वर येतात. षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतच्या या अंतराला युरोपात ‘संगीतातला सैतान’ असं जुनं नाव आहे. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमन, पूरिया, मारवा या संध्याकाळच्या रागांत येतो आणि आपण दिवे लावून तो ऐकतो.

तलवारीचं चित्र: अल्बमचं नाव आधी ‘वॉर पिग्ज’ ठरलं होतं, तो युद्धाचा माणूस त्यासाठी काढलेला. नाव कंपनीनं बदललं, चित्र राहून गेलं.

‘पॅरानॉइड’ हे गाणं मात्र मनाच्या आजारपणाबद्दल आहे. कशातच आनंद वाटत नाही, कुणाला सांगता येत नाही, अशी अवस्था. अल्बममध्ये जागा उरली म्हणून अर्ध्या तासाच्या आत रचलेलं हे तीन मिनिटांहून छोटं गाणं इंग्लंडच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. नावातला शब्द गाण्यात एकदाही येत नाही. मुलगा हे एकच गाणं सारखं लावत असेल तर त्याच्याशेजारी बसा आणि “तुला बरं वाटतंय ना रे?” असं विचारा. गाण्याला दोष देऊन विचारलंत तर तो दार लावून घेईल.

मडगाव, कॉलेज विद्यार्थी: हा अल्बम ऐकायला महागडे स्पीकर हवेत का? आणि कुठल्या गाण्यापासून सुरुवात करू?

नकोत. कानात नीट बसणारे साधे वायरचे हेडफोन पुरे, आवाज मध्यम ठेव. सुरुवात पहिल्या गाण्यापासून आणि शेवट आठव्यावर, क्रम न बदलता. सगळं मिळून साधारण ४२ मिनिटं होतात. मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूला चार गाणी आहेत, ‘आयर्न मॅन’ तिचा शेवट. तिथं दोन मिनिटं थांब. आम्ही कॅसेट उलटायला उठायचो, त्या उठण्यानं कान मोकळे व्हायचे. मग ‘हँड ऑफ डूम’च्या सुरुवातीला एकटा बास किती हळू येतो ते तुला ऐकू येईल. दिवे बंद करून ऐकायला सगळेच सांगतात. मी सांगेन, पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ऐक.

मॅडम, मी २२ वर्षांचा. वेर्ण्याला एका कारखान्यात प्रेसवर काम करतो. काही महिन्यांपूर्वी डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक मशीनमध्ये गेलं. जखम भरलीय, पण तार दाबली की झिणझिण्या येतात. मी उजव्या हातानं छेडतो, म्हणजे हाच हात तारांवर असतो. मित्र म्हणतात टोनी आयोमीचं बघ. ते कितपत खरं आहे? गिटार विकू का?

विकू नकोस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि या महिन्याचा विषय खरं तर त्यानंच ठरवला.

ते खरं आहे. १९६५ साल, आयोमी सतरा वर्षांचा. मेळाबरोबर दौऱ्यावर जायचं म्हणून त्यानं कारखान्यातली नोकरी सोडली होती, तो कामाचा शेवटचा दिवस. पत्र्याच्या यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तुझ्यासारखाच तारा दाबायचा हात जखमी झाला. आता वाजवणं विसर, असं त्याला सांगण्यात आलं. तेव्हा कारखान्यातला फोरमन एक रेकॉर्ड घेऊन त्याच्याकडे आला. जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवाल्याची. ती ऐकवून झाल्यावर फोरमननं सांगितलं की हा माणूस दोनच बोटांनी वाजवतो. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती.

मग टोनीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, त्याच्या टोप्या घडवल्या, बोटांवर बसेपर्यंत घासल्या आणि तार निसटू नये म्हणून वर चामडं चिकटवलं. नेहमीच्या तारा दाबायला जड जात होत्या. हलक्या तारांचे संच तेव्हा मिळत नव्हते, म्हणून त्यानं बँजोच्या तारा लावून पाहिल्या. पुढं १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपासून तो तारा तीन अर्धस्वर सैल करू लागला आणि सॅबथचा आवाज आणखी खाली गेला. ‘पॅरानॉइड’वर मात्र तारा नेहमीच्याच पट्टीत आहेत.

लोक म्हणतात, त्या अपघातातून हेवी मेटल जन्मलं. तुला मी तसं सांगणार नाही. बोट गेलं हे वाईटच झालं. त्या कथेत मला दिसतो तो घरी बसून टोपी घासणारा मुलगा, आणि हातात रेकॉर्ड घेऊन दार ठोठावणारा फोरमन. बाबांच्या आवारातही पत्र्यानं बोटं गेलेली माणसं होती. त्यांच्याकडे रेकॉर्ड घेऊन कुणी गेलं नाही. मी तेव्हा लहान होते, पण ते मला आजही लागतं.

आता तुझ्या हाताचं. ज्या डॉक्टरांनी टाके घातले त्यांना आधी हात दाखव आणि तार दाबायची आहे हे स्पष्ट सांग. झिणझिण्या कमी व्हायला व्यायाम असतात, ते त्यांच्याकडूनच घे. गिटारला सर्वांत बारीक तारांचा संच बसव, पहिली तार इंचाच्या आठ हजारांश जाडीची. आयोमी तितक्याच हलक्या तारांवर वाजवत आलाय. सगळ्या तारा एक अर्धस्वर उतरव, ताण आणखी कमी होईल. दुकानदाराला सांगून तारांची उंचीही फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जवळ आणून घे. इलेक्ट्रिक असेल तर उत्तम, अकुस्टिकच्या तारा तुला सध्या नकोत. मधल्या बोटाला मऊ टोपी करून बघायची असेल तर बघ, पण घाई नको.

आणि हे नीट वाच. षड्ज-पंचमाची जोडी, जिला गिटारवाले पॉवर कॉर्ड म्हणतात, तिला मधलं बोट लागतच नाही. तर्जनी जाड तारेवर, अनामिका तिच्या शेजारच्या तारेवर दोन फ्रेट पुढं. बस. ‘आयर्न मॅन’ची अख्खी रिफ हाच आकार वरखाली सरकवत वाजते. तर्जनी जाड तारेवर ठेव आणि असं जा: सातवा फ्रेट, दहावा दोनदा, बारावा दोनदा. मग पंधरा-चौदा, पंधरा-चौदा, पंधरा-चौदा, आणि परत दहावा दोनदा, बारावा दोनदा. सुरुवातीला इतकी हळू की मधल्या शांततेत स्वतःचा श्वास ऐकू यावा. मूळ गाणंही घाईत नाही. रोज दहा मिनिटं, दुखलं की लगेच थांबायचं.

२०२५ च्या ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर हे चौघे शेवटचे एकत्र वाजले. ओझी खुर्चीत बसून गायला. त्यांनी चार गाणी घेतली, त्यांतली तीन या अल्बममधली. आयोमी ७७ वर्षांचा होता. त्या कार्यक्रमाचं चित्रण मिळालं तर त्याच्या उजव्या हाताकडे बघ. त्या दोन बोटांवर टोप्या होत्या.

रिफ हातात बसली की मोबाइलवर रेकॉर्ड करून या सदराच्या पत्त्यावर पाठव. मी पांढरी सातवर लेहरा धरते. तारा अर्धा स्वर उतरवल्या असशील तर काळी पाच.